एकशे चाळीस चौरस फुटांचा जिवंत देखावा

घर ही माणसाची मूलभूत गरज आहे, आणि म्हणूनच ते बांधण्याची परवानगी सहजासहजी मिळता कामा नये. हवा आणि पाणी या दोन गरजा निसर्गाने कुणालाही न विचारता फुकट वाटून टाकल्या आणि पुढे त्यांचं काय झालं ते आपण पाहतोच आहोत. घराच्या बाबतीत तशी चूक होऊ नये म्हणून कार्यालय असतं, कार्यालयात टेबल असतं आणि टेबलाच्या पलीकडे जेवायला गेलेला माणूस असतो. ही व्यवस्था पाहिली की माझ्यासारख्या कायदाप्रिय नागरिकाचा ऊर भरून येतो.

मी जयवंत परुळेकर. विमा कंपनीतून निवृत्त. गास गावाच्या कडेला 'ग्रीन व्ह्यू रेसिडेन्सी' नावाची सात मजली इमारत आहे, तिच्या चौथ्या मजल्यावर मी आणि माझी पत्नी आशालता राहतो. गेली अकरा वर्षं मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे. (दुसरं कोणी उभं राहत नाही. राहू पाहिलं तर मी मागच्या दहा वर्षांचे ठराव वाचायला देतो.)

आमच्या बाल्कनीतून लुईसची वाडी दिसते. केळी, नारळ, मोगऱ्याचे वाफे आणि मधोमध बावखल, म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. असं एक बावखल पूर्वी आमच्या इमारतीच्या जागीही होतं म्हणतात. पण तिथे गाड्या लावता येत नव्हत्या, म्हणून ते भरून घेतलं. फ्लॅट घेताना मिळालेल्या रंगीत पुस्तिकेत 'चोवीस तास हिरवागार नजारा' असं छापलं होतं. तेव्हा सातबाऱ्यावर वाडी लुईसची असली तरी पुस्तिकेप्रमाणे नजारा आमचा. वाडीला पाणी त्याने घालायचं आणि बघायचं आम्ही, अशी कामाची वाटणी अकरा वर्षं बिनतक्रार चालली होती.

मागच्या ऑक्टोबरात त्या नजाऱ्यात एक लाल कौलांचं घर उगवलं.

घर म्हणायचं ते आपलं बोलण्याच्या सोयीसाठी. दहा फूट बाय चौदा फूट. एक दार, दोन खिडक्या, पुढे हातभर ओटा. आमच्या सातव्या मजल्यावरच्या हर्षवर्धनच्या मोटारीला लागते तेवढी जागा, वर पायरीपुरती जास्त. तरीही मी ताबडतोब माहितीच्या अधिकारात अर्ज केला. एकवीस दिवसांत त्रेसष्ट पानांची फाईल हातात आली. ती पानं दिवाणखान्यात शेजारी शेजारी मांडली तेव्हा बेचाळीस चौरस फूट भरली. म्हणजे पाया खणण्याआधीच जवळजवळ एक तृतीयांश घर कागदावर उभं होतं, आणि ही प्रगती कुठल्याही मापाने समाधानकारक आहे.

फाईलवरून कळलेली हकिकत अशी. लुईसची थोरली बहीण आल्बिना मुंबईत मराठी शाळेत चाळीस वर्षं शिकवत होती. लग्न केलं नाही. माझगावला एका खोलीत राहिली. वय अठ्ठ्याहत्तर. ती खोली असलेली चाळ पाडायला निघाली आणि ऑक्टोबर संपायच्या आत खोली सोडा असं तिला सांगण्यात आलं. लुईसच्या जुन्या घरात तीन खोल्या आणि नऊ माणसं, त्यातून वर जायचा जिना असा की तरण्या माणसानेही देवाचं नाव घेऊन चढावं. टीचरचे गुडघे गेलेले. तेव्हा लुईसने ठरवलं, वाडीत बावखलाच्या काठी, जिथे ती लहानपणी खेळली, तिथे तिच्यापुरतं घर बांधावं. गावातल्या सॅन्टन सुताराने लाकूड कापायलाही घेतलं. आणि मग लुईसने एक असं काम केलं ज्यामुळे पुढचं सगळं रामायण घडलं. त्याने परवानगी मागितली.

आमच्या पंचक्रोशीत बांधकामं पुष्कळ होतात. परवानगी मागून होणारी किती, याची मी कच्ची आकडेवारी काढली आहे. शंभरातली साठ होऊन गेल्यावर परवानगी मागतात, पस्तीस परवानगी झाल्यासारखं वागतात, चार जणांकडे परवानगीची रंगीत झेरॉक्स असते. उरलेला एक म्हणजे लुईस. कार्यालयात हा अर्ज आला तेव्हा तो कुठल्या टेबलावर ठेवायचा हेच कुणाला ठाऊक नव्हतं. आवक-जावकच्या कारकुनाने तर लुईसला विचारलं, "बांधून झालंय का?" तो म्हणाला, "नाही अजून." कारकून म्हणाला, "मग एवढी घाई कसली?"

अर्ज जूनमध्ये दिला. सप्टेंबरमध्ये त्रुटीपत्र आलं. ते मी जतन करून ठेवलं आहे, कारण मराठी गद्यात एवढी शिस्त आता पाहायला मिळत नाही. त्यातल्या मुख्य त्रुटी अशा:

१. प्रस्तावित घराबरोबर एका मोटारीचा वाहनतळ दाखवलेला नाही. (वाहनतळाला एकशे पस्तीस चौरस फूट लागतात, घराला एकशे चाळीस. राहणाऱ्या बाईंकडे मोटार नाही, सायकलही नाही. पण मोटार आहे का, असं नियम विचारत नाही. मोटारीला घर आहे का, एवढंच तो विचारतो.)

२. स्वयंपाकघर आणि झोपण्याची खोली यांमध्ये भिंत नाही. झोपलेल्या व्यक्तीस फोडणीचा वास येण्याची शक्यता नाकारता येत नाही.

३. अग्निशमन गाडी घराभोवती वळू शकेल असा रस्ता दाखवावा. (ती गाडी घरापेक्षा मोठी असते. आग लागल्यास गाडी घराभोवती वळवण्यापेक्षा घर गाडीत ठेवून नेणं सोपं, असं लुईसने उत्तर दिलं. ते 'उद्धट' असा शेरा मारून फाईलला लावलेलं आहे.)

४. नकाशात 'जोता' काळ्या शाईने दाखवला आहे, तो लाल शाईने दाखवावा.

५. जमीन हरित पट्ट्यात आहे. हरित पट्ट्यातलं बांधकाम एकशे पन्नास चौरस फुटांपेक्षा जास्त असता कामा नये. मात्र राहण्याचं घर एकशे साठ चौरस फुटांपेक्षा कमी असता कामा नये.

पाचव्या कलमावर लुईस प्रत्यक्ष जाऊन कनिष्ठ अभियंता अश्लेषा मॅडमना भेटला. मॅडम वयाने लहान, नोकरीत नव्या, आणि अजून लोकांना खुर्चीत बसायला सांगतात.

"मॅडम, मग नक्की केवढं बांधू?"

"एकशे साठपेक्षा कमी नको आणि एकशे पन्नासपेक्षा जास्त नको."

"असं घर कसं असतं?"

"ते मला नाही माहीत, काका. पण तसं बांधलंत तर मी त्याच दिवशी सही करीन."

म्हणजे पाहा, सरळ नकार कुठेही नाही. नागरिकाला तोडून बोलायचं नाही हे या कार्यालयाचं ब्रीदच आहे.

इथे एक गैरसमज दूर करतो. आमची नियमावली लहान घरांच्या विरोधात मुळीच नाही. माझी मुलगी उन्नती पुण्याला असते. ती आणि जावई दर महिन्याला डोंगरात कुठेतरी 'टायनी होम'मध्ये दोन दिवस राहून येतात. एकशे वीस चौरस फूट, चुलीवरची भाकरी, लाकडी जिना, खिडकीत मांजर. मन कसं मोकळं होतं म्हणे. त्या घराला पर्यटनाखाली रीतसर परवानगी आहे, भिंत नाही तरी कोणाला फोडणीचा वास येत नाही. कायद्याचा हा बारकावा मला फार आवडतो. ज्याला दुसरं मोठं घर आहे त्याने लहान घरात राहिलं तर तो छंद. ज्याला नाही त्याने राहिलं तर ते अतिक्रमण.

ऑक्टोबर संपत आला, माझगावची खोली सुटली, आणि लुईसने सॅन्टनला सांगितलं, बांध. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आल्बिना टीचर दोन ट्रंका, एक पुस्तकांचं कपाट आणि तुळतुळीत घासलेला एक स्टोव्ह घेऊन तिथे राहायला आली. संध्याकाळी ती ओट्यावर बसून बावखलाकडे बघायची. आमच्या चौथ्या मजल्यावरून ती स्पष्ट दिसायची.

मी तक्रार अर्ज लिहायला बसलो. आशालता म्हणाली, "त्या बाईंच्या घराचं तुम्हाला काय खुपतंय?" मी म्हणालो, "प्रश्न घराचा नाही, तत्त्वाचा आहे." (माणूस असं म्हणाला की प्रश्न नजाऱ्याचा आहे असं समजावं.) अर्ज तीन प्रतींत, सुवाच्य अक्षरात, साडेचार पानी. सहाव्या रकान्यात 'तक्रारदाराच्या स्वतःच्या इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र', म्हणजे तिथे राहायला मिळालेली परवानगी, असं होतं. तिथे मी नेहमीप्रमाणे 'सोबत जोडले आहे' असं लिहिलं आणि नेहमीप्रमाणे जोडलं नाही. जोडलं नाही हे कार्यालयानेही नेहमीप्रमाणे पाहिलं नाही. चाळीस वर्षांच्या नोकरीत मी 'सोबत जोडले आहे' असं हजारदा लिहिलं असेन. कागद जोडण्यापेक्षा हे लिहिणं महत्त्वाचं असतं.

पंधरा दिवसांत घर पाडण्याची नोटीस निघाली. लुईस पुन्हा अश्लेषा मॅडमसमोर जाऊन बसला. मॅडमनी बराच वेळ फाईल उलटीपालटी केली आणि मग हळू आवाजात विचारलं, "काका, नाताळात तुमच्याकडे देखावे करतात ना?"

आमच्याकडे नाताळचे देखावे फार सुरेख होतात. गावोगावची तरुण मुलं महिनाभर खपून ख्रिस्तजन्माचे प्रसंग उभारतात, बक्षिसं लागतात, बाहेरगावचे लोक बघायला येतात. जसे गणपतीत मांडव, तसे हे. आणि सणाच्या देखाव्याला आमच्या कार्यालयात एक खिडकी, एक पानी फॉर्म, त्याच दिवशी सही. जोता नको, वाहनतळ नको, अग्निशमन गाडीने वळायला नको. देखावा निर्जीव की सजीव एवढं खोडायचं. लुईसने 'निर्जीव' खोडलं. विषय या रकान्यात टीचरने स्वतः लिहिलं: 'जागा नाही.' (ख्रिस्तजन्माच्या रात्री त्याच्या आईला धर्मशाळेत हेच उत्तर मिळालं होतं.) पात्रं: एक. मुदत: पंधरा डिसेंबर ते सहा जानेवारी, म्हणजे तीन राजांच्या सणापर्यंत.

अशा रीतीने जे घर घर म्हणून बेकायदा होतं ते घराचा देखावा म्हणून कायदेशीर झालं. टीचरने रोज संध्याकाळी सहा ते दहा ओट्यावर बसायचं, लोकांनी रांगेने पाहून जायचं. लुईसच्या नातवाने कौलांवर चांदणी टांगली आणि दोन पुठ्ठ्याची मेंढरं ठेवली. गावच्या स्पर्धेत या देखाव्याला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. परीक्षकांनी शेरा दिला, 'वृद्धेचा अभिनय अत्यंत सहज. हालचाल थोडी कमी. पुढील वर्षी मेंढरे वाढवावीत.'

आम्हीही पाहायला गेलो. आशालतानेच नेलं. रांग पुढे सरकली तशी टीचरने चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं.

"परुळेकर ना तुम्ही? चौथा मजला?"

"हो."

"तुमचा अर्ज वाचला मी, नोटिशीला जोडला होता. अक्षर सुंदर आहे. परिच्छेद फार लांब होतात."

आणि तिने आम्हा दोघांना बशीतून केकचा एकेक तुकडा दिला. केक उत्तम होता. त्याचा माझ्या भूमिकेवर परिणाम होऊ न देणं मला जड गेलं, पण मी ते केलं.

सात जानेवारीच्या सकाळी मी बाल्कनीत येऊन पाहिलं तर चांदणी उतरवली होती, मेंढरं गेली होती, आणि घर व टीचर जागच्या जागी होते. मी स्मरणपत्र पाठवलं. लुईसने मुदतवाढ मागितली आणि सोबत वर्षभराच्या सणांची यादी जोडली. त्याने खरोखरच जोडली. एकूण एकतीस सण होते. कार्यालयाने नियमाप्रमाणे मुदतवाढीपूर्वी तपासणी ठेवली, कारण परवानगीच्या मागच्या बाजूला बारीक टायपात अट क्रमांक नऊ होती: 'देखाव्याच्या जागी प्रत्यक्ष वास्तव्य करता येणार नाही.'

तपासणीला निर्मूलन पथकाचे प्रमुख संग्रामराव आले. तो पंचनामा फाईलच्या दोनशे दहाव्या पानावर आहे. सापडलेले पुरावे: पातेल्यात पेज, कोमट. रक्तदाबाच्या गोळ्यांचं पाकीट, त्यातल्या सहा खाल्लेल्या. उशीवर खळगा. वाळत घातलेला टॉवेल, ओला. खिडकीत मोगऱ्याची कुंडी, पाणी घातलेली. उघडं पुस्तक, पालथं. खाली एका ओळीचा निष्कर्ष: 'सदर देखाव्यात एक व्यक्ती खरोखरच राहत असल्याचे निदर्शनास आले.'

आता पथकाची बाजूही समजून घेतली पाहिजे. त्यांना महिन्याला पंचवीस बांधकामं पाडण्याचं उद्दिष्ट असतं. उद्दिष्ट नगावर असतं, आकारावर नाही. सात मजले पाडले तरी नग एक, आणि अंडी ठेवायची टपरी पाडली तरी नग एकच. त्या महिन्यात चोवीस नग झाले होते आणि जेवणाची सुट्टी व्हायला पाऊण तास होता. अशा वेळी कोणताही समंजस माणूस जे करील तेच संग्रामरावांनी केलं.

घर अकरा मिनिटांत पडलं. त्याआधी टीचरने दहा मिनिटं मागितली आणि ती मिळाली. तिने पुस्तकं बाहेर काढली, स्टोव्ह काढला, मग परत आत जाऊन पेजेचं पातेलं आणलं. लुईस तिच्याशी त्यांच्या घरच्या बोलीत काहीतरी बोलत होता. ती बोली मला अकरा वर्षांत समजली नाही, पण त्या दिवशी त्याचा आवाज चढत गेला आणि मग एकदम बसला, तेवढं चौथ्या मजल्यापर्यंत पोचलं. जेसीबी परत फिरला तेव्हा टीचर पातेलं मांडीवर घेऊन खुर्चीत बसली होती. मला फार वाईट वाटलं. हे इथे नोंदवून ठेवतो, कारण तक्रार अर्जात त्यासाठी रकाना नव्हता.

आशालता त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी बोलली ते न बोलण्यापेक्षा वाईट होतं.

फाईल बंद झाली तेव्हा तिची दोनशे चौदा पानं झाली होती. मांडून पाहिली. एकशे त्रेचाळीस चौरस फूट. घरापेक्षा तीन फूट जास्त, आणि ती अजून उभी आहे.

टीचरला राहायला जागा हवी होती, तीही जिना नसलेली. आमच्याच इमारतीतला तळमजल्यावरचा तीन नंबरचा फ्लॅट रिकामा होता, मालक बोरिवलीला. लुईसने तो भाड्याने घेतला. तिच्या खिडकीतून आमच्या कंपाउंडची भिंत दिसते आणि भिंतीच्या वर केळीची दोन पानं. मी सेक्रेटरी या नात्याने तिचं स्वागत केलं आणि सोसायटीचे नियम दिले. तिने ते वाचले, तीन ठिकाणी पेन्सिलने खुणा केल्या आणि परत दिले.

इथवर सगळं न्यायाने झालं. मग मला सन्मानपत्राचं पत्र आलं.

कार्यालयाने 'जागरूक नागरिक' म्हणून माझी निवड केली होती. शाल, श्रीफळ आणि फ्रेम. फक्त माझ्या मूळ अर्जातलं एक संलग्नक फाईलमध्ये आढळत नाही, तेवढं आणून द्यावं, असं खाली लिहिलं होतं. रकाना सहा. आमच्या इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र.

मी सोसायटीचं कपाट उघडलं. त्यात भूमिपूजनाचा फोटो होता, अकरा सत्यनारायणांचे हिशेब होते, लिफ्टच्या तीन चाव्या होत्या (लिफ्ट एक), आणि बिल्डरने दिलेली ती रंगीत पुस्तिका होती. प्रमाणपत्र नव्हतं. मी बाकीच्या पंचावन्न सभासदांना विचारलं. प्रत्येकाने अगदी खात्रीने एकच उत्तर दिलं, "सेक्रेटरीकडे असेल." अकरा वर्षं तेही असंच समजत होते आणि मीही असंच समजत होतो. फरक इतकाच की सेक्रेटरी मी होतो.

मग मी कार्यालयात गेलो. अश्लेषा मॅडमनी मला खुर्चीत बसवलं, जुनी नोंदवही काढली आणि आमच्या सर्व्हे नंबरावर बोट ठेवलं.

"काका, इथे तुमची इमारत नाहीये."

"मग काय आहे?"

"एक बावखल आहे, चौतीस नारळ आहेत, आणि एक मांडव आहे."

"कसला मांडव?"

"नवरात्राचा. दहा दिवसांची परवानगी, तेरा वर्षांपूर्वीची. काढल्याची नोंद नाही. म्हणजे कागदोपत्री अजून उभाच आहे."

आमच्या बिल्डरबद्दल मी कधीही वाईट बोललो नाही आणि आताही बोलणार नाही. एक खिडकी, एक पानी फॉर्म, त्याच दिवशी सही. लुईसला जे मॅडमनी सुचवावं लागलं ते त्या माणसाला तेरा वर्षांपूर्वी आपण होऊन सुचलं होतं. त्याने मांडवाला सात मजले, छप्पन्न फ्लॅट आणि लिफ्ट लावली आणि दहा दिवसांच्या आत चाव्या वाटण्याऐवजी दोन वर्षांनी वाटल्या, एवढीच काय ती त्रुटी.

मी विचारलं, "हे आता कुणाला कळलंय?"

"कळलं नसतं," मॅडम म्हणाल्या. "पण तुमचाच अर्ज आहे, काका. साडेचार पानं, तीन प्रती. पत्ता अगदी मजल्यासकट लिहिलाय. असं तक्रारदार सहसा करत नाहीत."

चौथ्या दिवशी गेटवर नोटीस लागली. घरी आशालताने ती मोठ्याने वाचली आणि म्हणाली, "दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ बरोबर दिसलं हो तुम्हाला."

संग्रामराव पाहणीला आले, मान वर करून सात मजले मोजले आणि हिरमुसले. एवढं पाडायचं तर महिना जाणार आणि नग एकच मिळणार. त्यांनी सरळ सांगितलं, तुमचा नंबर लागेल, पण लहानसहान घरं संपल्यावर. तोपर्यंत मांडवाची मुदतवाढ घेऊन ठेवा. मांडव रिकामा ठेवता येत नाही, त्यात देखावा लागतो. फॉर्मवर सजीव-निर्जीवपैकी एक खोडावं लागतं. आणि मागच्या बाजूला अट क्रमांक नऊ आहेच.

सर्वसाधारण सभा पार्किंगमध्ये झाली. उपस्थिती प्रथमच शंभर टक्के. विषयाच्या रकान्यात काय लिहायचं यावर तीन तास चर्चा झाली. हर्षवर्धनने 'विकसित भारत' सुचवलं, पण त्याला रोषणाई फार लागली असती. शेवटी 'सुखी मध्यमवर्गीय कुटुंबे' हा विषय बहुमताने मंजूर झाला. पात्रं: दोनशे अठरा. निर्जीव खोडलं. आता प्रश्न उरला तो तपासणीचा. छप्पन्न घरांत कोणी राहत नाही, नुसतं राहिल्यासारखं दिसतं, हे दाखवायचं कसं? कोणालाच सुचेना. आणि मग सगळ्यांच्या माना हळूहळू तीन नंबरच्या दाराकडे वळल्या.

गेल्या रविवारपासून तालीम सुरू आहे. आल्बिना टीचर पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसते, हातात फूटपट्टी, समोर आम्ही बाकीची पंचावन्न कुटुंबं मजल्यानुसार रांगेत. मी पहिल्या रांगेत असतो, तिने बसवलं आहे. तिने मला एकदाही त्या घरावरून बोलून दाखवलं नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं मला रोज वाटतं.

"कुकरची शिट्टी काढून ठेवायची," ती सांगते. "चपला आत. दाराशी चपला म्हणजे पुरावा. दोरीवर ओलं काही नको. उशी झटकायची, खळगा राहतो. औषधं डब्यात. आणि पेज केलीच तर गार होऊ द्या, मग झाकण ठेवा. मी तिथेच चुकले."

"आणि साहेब समोर आले तर, टीचर?" मागून कुणीतरी विचारलं.

"हसायचं. फार नाही, थोडंसं. परुळेकर, असं नाही. तुम्ही खरंच राहत असल्यासारखे दिसता."

वाचकहो, आमची ही हकिकत वाचून तुम्हाला गंमत वाटली असेल. वाटायला हरकत नाही. मीही चौथ्या मजल्यावरून तीन महिने गंमत पाहिली. फक्त हा कागद खाली ठेवण्यापूर्वी एक करा. तुम्ही बसला आहात त्या इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र एकदा डोळ्यांनी पाहा. 'सेक्रेटरीकडे असेल' हे उत्तर देऊ नका, तो मी आहे. आणि नाहीच सापडलं, तर उठून धावाधाव करू नका. दाराबाहेरच्या चपला तेवढ्या आत घ्या, गॅस बंद करा आणि होतात तसे येऊन बसा. चेहरा असाच राहू द्या, छान दिसतोय. आता हलू नका.